कधी न विरणारे वस्त्र

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी या नावाचे गाव आहे. तेथील नदीकाठच्या गाळात, मातीच्या थरांमध्ये दबून राहिलेला करड्या-पांढऱ्या राखेचा एक पट्टा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांच्या दृष्टीस पडला. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. आणि त्या राखेतील सूक्ष्म काचकणांचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा असे निष्पन्न झाले की ज्या सह्याद्रीच्या कुशीत ती सापडली त्याच्याशी तिचा काहीएक संबंध नसून, आग्नेयेकडे तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील तोबा नावाच्या ज्वालामुखीतून उडून, समुद्र ओलांडून ती येथवर आली आहे. तोबाचे उद्रेक एकाहून अधिक झाले, आणि त्यांपैकी बोरीची राख कोणत्या उद्रेकाची यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. परंतु तिचे माहेर तोबा, याविषयी दुमत नाही. आपल्या पायांखालच्या मातीत ज्या मुलुखाची राख मिसळली आहे त्या मुलुखात आज कोण राहते, काय पिकवते आणि जमीन या वस्तूकडे कोणत्या नजरेने पाहते, हे जाणून घेण्याची इच्छा मराठी वाचकाला व्हावी, हे मला स्वाभाविक वाटते.

तोबाचा शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. त्यात सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला गेला, आणि पोटातला एवढा ऐवज गेल्यावर पर्वताचे छप्पर आत कोसळून जो खड्डा पडला, त्यात पावसाचे व ओढ्यांचे पाणी साठून आजचे तोबा सरोवर झाले. ते सुमारे शंभर किलोमीटर लांब, तीस किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी पाचशे मीटरपर्यंत खोल आहे. त्याचा पृष्ठभागच समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर असल्यामुळे विषुववृत्त इतके जवळ असूनही काठच्या गावांत हवा थंड असते. पुढे खड्ड्याचा तळ खालच्या दाबाने पुन्हा वर उचलला गेला आणि सामोसिर नावाचा भूभाग पाण्याबाहेर आला. पांगुरुरान येथे एका चिंचोळ्या पट्टीने तो पश्चिमेच्या किनाऱ्याला जोडलेला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डच सरकारने ती पट्टी खणून कालवा काढला, तेव्हापासून सामोसिर खऱ्या अर्थाने बेट झाले. सरोवरातून बाहेर पडणारी नदी एकच, आसाहान. बाकी सर्व बाजूंनी उभे कडे, आणि कड्यांच्या पायथ्याशी, पाणी व डोंगर यांच्या मधल्या अरुंद पट्टीत, तोबा बाताक लोकांची गावे.

ज्वालामुखीची माती म्हणजे सोने, अशी आपली एक समजूत असते, आणि ती आपल्यापुरती खरीही आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाने झिजून झिजून आपल्याला काळी कसदार जमीन दिली. तोबाने मात्र आपल्या लेकरांना असे काही दिले नाही. त्याच्या राखेत वाळूचे द्रव्य, म्हणजे सिलिका, फार, आणि चुना-मॅग्नेशियमसारखे वनस्पतींना पोसणारे अंश थोडे; त्यामुळे त्या राखेच्या खडकापासून झालेली पठारावरची माती आम्ल, हलकी आणि भुकेली असते. जंगल तोडून एक-दोन पिके घेतली की तेथे उंच धारदार गवत माजते आणि मग वर्षानुवर्षे त्या गवताचेच राज्य चालते. म्हणून बाताकांच्या दृष्टीने जमीन म्हणजे पठार नव्हे. जमीन म्हणजे जेथे डोंगरावरून उतरणारे पाणी अडवता येते अशी खाचरे. सिलिंदुंगचे खोरे, बाक्कारा येथील कड्यांच्या कुशीतली छोटी दरी, सरोवराच्या दक्षिणेकडील सपाटी, सामोसिरच्या काठच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांच्या उतरंडी, एवढाच काय तो भाताचा मुलूख. सुपीक जमीन इतकी मोजकी असल्यामुळेच, मला वाटते, तिच्याभोवती नात्यागोत्याची एवढी दाट वीण घातली गेली.

गावाला तोबा भाषेत ‘हुता’ म्हणतात. जुना हुता म्हणजे एक लहानसा किल्लाच होय. चारही बाजूंनी मातीचा किंवा दगडांचा पुरुषभर उंच बांध, त्यावर लावलेली बांबूंची दाट बेटे आणि आत जाण्यास एक अरुंद वेस. दुरून पाहणाऱ्याला हिरव्या खाचरांच्या मध्ये बांबूचे एक झुडपी बेट तरंगताना दिसावे, आणि जवळ गेल्यावरच त्यातून धूर निघतो आहे हे कळावे. आत मध्यभागी झाडून लख्ख केलेले लांबट अंगण. त्याच्या एका बाजूस घरांची ओळ आणि समोर धान्याच्या कोठारांची. घरे सहा, आठ, फार तर दहा-बारा. वेशीपाशी ‘हारिआरा’ म्हणजे आपल्या वडा-पिंपळाच्या कुळातला वृक्ष. गाव वसवताना तो लावायचा आणि तो जोमाने वाढला तर गाव नांदेल असे समजायचे. गाव माणसांनी भरून गेले की एखादा कर्ता पुरुष मूळ गावाची संमती घेऊन, मोठे जेवण घालून, शेजारीच नवा बांध घालतो. ‘लुंबान’ आणि ‘सोसोर’ या शब्दांनी सुरू होणारी कितीतरी ग्रामनामे तेथे आढळतात. आपल्याकडे गावापासून फुटून निघालेल्या वस्तीला ‘वाडी’ म्हणतात, त्यातलाच तो प्रकार.

घर लाकडी खांबांवर उचललेले. खाली म्हशी आणि डुकरे, वर माणसे, आणि त्याहून वर दोन्ही टोकांना उंचावत गेलेले, मध्ये झोळ घेतलेले छप्पर, ज्यावर पूर्वी ‘बागोत’ या ताडाच्या जातीच्या झाडाचे काळे तंतू शाकारीत. दार मुद्दाम ठेंगणे, म्हणजे येणाऱ्याची मान आपोआप लवावी. दर्शनी फळ्यांवर पांढऱ्या, तांबड्या व काळ्या या तीनच रंगांत वेलबुट्टी कोरलेली असते, कारण ऊर्ध्वलोक, मनुष्यलोक आणि अधोलोक अशी तीनच भुवने. त्या वेलबुट्टीत एक पाल हमखास आढळते, आणि तिच्या शेजारी स्तनांच्या जोड्या कोरलेल्या असतात. ही पाल भूमीची देवता; पिकांची, गुराढोरांची आणि संततीची राखणदार. तिचे नाव ‘बोरास्पाती नि तानो’. ‘तानो’ म्हणजे जमीन. आणि ‘बोरास्पाती’ म्हणजे आपला बृहस्पती! देवगुरूचे नाव सुमात्राच्या डोंगरात जाऊन भूमीच्या पालीला कसे मिळाले याची वाट आज शोधता येणे कठीण. परंतु त्या वाटेने तो एकटाच गेलेला नाही. बाताक पंचांगात दिवसांची नावे आर्तिआ, सुमा, आंगारा, मुदा, बोरास्पाती, सिंगकोरा, सामिसारा अशी आहेत, आणि ती एकदा मोठ्याने वाचली की आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर हे सातही जण ओळीने पुढे येऊन उभे राहतात. देवाला ते ‘देबाता’ म्हणतात, वैद्यकी-ज्योतिषी करणाऱ्या पुरोहिताच्या झाडाच्या सालीवर लिहिलेल्या पोथीला ‘पुस्ताहा’. आणि त्या पोथीची लिपीदेखील ब्राह्मीच्याच दक्षिणी शाखेची दूरची नात आहे.

आता जमिनीकडे वळू. ज्याने गाव वसवले, पहिले जंगल तोडले, पहिला पाट काढला, त्याचे कूळ हे त्या मुलुखाचे धनी. या हक्काला ‘गोलात’ म्हणतात. कुळाला ‘मार्गा’ म्हणतात. बापाकडून मिळणारे मार्गाचे नाव आडनावासारखे जन्मभर माणसाबरोबर राहते, आणि एकाच मार्गात लग्न करणे हे सगोत्र विवाहाइतकेच निषिद्ध. गाव वसवणाऱ्या मार्गाचे लोक आणि नंतर येऊन राहिलेले लोक यांच्यातला भेद समजावून सांगण्यास मराठी वाचकापुढे फार शब्द खर्च करण्याची गरज नाही: आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतले मिरासदार आणि उपरी आठवावेत. फरक एवढाच की आपला उपरी बहुधा परका असे, तर बाताक गावातला उपरी बहुतेक वेळा त्या गावचा जावई असतो. धनी कुळाची मुलगी केली, सासऱ्याने कसायला खाचर दिले आणि जावई तेथेच राहिला. घरजावयाला तेथे ‘सोंदुक हेला’ असा शब्द आहे. तो जमीन पिढ्यानपिढ्या कसू शकतो, मुलांना देऊ शकतो, पण बाहेरच्याला विकू शकत नाही. आणि त्याचा वंश खुंटला तर जमीन धनी मार्गाकडे परत जाते. वहिवाट त्याची, मूळ मात्र दुसऱ्याचे. १९३३ साली फेर्खाउवेन या डच अधिकाऱ्याने तोबा बाताकांच्या कायद्यावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या हक्कांची छाननी इतकी बारकाईने केली आहे की तो वाचताना मला आपल्या वतनी कागदांची वारंवार आठवण झाली.

पाण्याची व्यवस्था एका गावाच्या आवाक्यातली नसते. डोंगरावरून येणारा पाट, ज्याला ‘बोंदार’ म्हणतात, वाटेतल्या दहा-वीस गावांना पाणी पाजीत खाली उतरतो. म्हणून ही गावे मिळून ‘बिउस’ नावाचा संघ करीत. पाटाची राखण करणारा अधिकारी, पाळ्या, पेरणीचा दिवस, तंटे आणि वर्षारंभी साऱ्या मुलुखाच्या वतीने द्यावयाचा रेड्याचा बळी, हे सर्व या बिउसच्या कक्षेत येई. बाक्काराच्या खोऱ्यात राहणारे सि सिंगामांगाराजा हे पुरोहित-राजे याच व्यवस्थेच्या शिखरावर असत. त्यांच्या नावातले सिंह आणि महाराज आपल्याला ओळखू येतातच. त्यांच्यापाशी फौजफाटा किंवा महसूल असा थोडाच. पाऊस आणण्याची शक्ती त्यांच्या ठायी आहे, अशी लोकांची श्रद्धा, हेच त्यांचे राज्य. त्यांच्यातील बाराव्याने डचांशी तीस वर्षे झुंज दिली आणि १७ जून १९०७ रोजी तो मारला गेला. तोपर्यंत नोमेन्सेन या जर्मन मिशनऱ्याने १८६४ पासून सिलिंदुंगच्या खोऱ्यात बसवलेला ख्रिस्ती धर्माचा जम इतका पक्का झाला होता की आज तोबा बाताकांतील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट आहेत आणि वेशीपाशी हारिआरा असो-नसो, चर्चचा मनोरा बहुतेक ठिकाणी असतो. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, त्याचे ऋण बाताक माणूस आजही मानतो. परंतु बिउसचे यज्ञ मूर्तिपूजा म्हणून बंद पाडले गेले, तेव्हा त्या यज्ञांच्या आधाराने चालणारी पाण्याची पंचायतही खिळखिळी झाली. देवकार्य आणि पाटबंधारे ही दोन खाती वेगळी असतात, असे मानणाऱ्या लोकांच्या हातून झालेली ही हानी होती, आणि ती मला फार मोठी वाटते.

या समाजाची सारी घडी ज्या एका कल्पनेवर उभी आहे तिला ते ‘दालिहान ना तोलु’ म्हणतात. याचा शब्दशः अर्थ तीन दगडांची चूल. शेतावर तीन दगड मांडून भाकरी भाजलेल्या माणसाला ही उपमा लगेच कळेल: दोन दगडांवर भांडे ठरत नाही, आणि तिन्हींपैकी एक उणा-अधिक झाला तर कालवण निखाऱ्यात जाते. पहिला दगड आपले भाऊबंद, म्हणजे एकाच मार्गाचे लोक. दुसरा ‘हुलाहुला’, म्हणजे ज्यांनी आपल्याला मुली दिल्या ते, आपली सासुरवाड आणि आपले आजोळ. तिसरा ‘बोरु’, म्हणजे ज्यांना आपण मुली दिल्या ते, आपल्या लेकी-जावयांची घरे. भाऊबंदांशी जपून वागावे, हुलाहुलांपुढे नम्र असावे, बोरूंना गोंजारून घ्यावे, असा त्यांचा लहानपणापासून पाठ असतो. प्रत्येक घर कोणाचे तरी हुलाहुला आणि कोणाचे तरी बोरू असतेच. आज ज्याच्यापुढे मान लववायची त्याला उद्या दुसऱ्याच्या मांडवात मान लववताना आपण पाहतो, आणि त्यामुळे नम्रता हा कोणाचाच कायमचा कमीपणा होत नाही.

येथे मराठी माणसाला थबकावे लागते. आपल्याकडे जावई म्हणजे दशमग्रह; मुलीकडच्यांनी हात जोडावेत आणि वरपक्षाने मान घ्यावा. बाताकांत हे चक्र नेमके उलटे फिरते. मुलगी देणारे श्रेष्ठ, कारण त्यांनी आपल्या घरातला जीव दिला, वंश वाढवण्याचे सामर्थ्य दिले. त्यांचा आशीर्वाद असेल तर संतती आणि पीक, नसेल तर दोन्ही नाही. सासऱ्याकडे कार्य निघाले की जावई आणि त्याचे भाऊ पहाटेपासून चुलीशी असतात. डुक्कर कापणे, शिजवणे, पंगत वाढणे, उष्टी काढणे हे सर्व त्यांचे काम. वरपक्ष ‘सिनामोत’, म्हणजे देज, देतो. कापलेल्या जनावराचे कोणते अंग कोणत्या नात्याकडे जायचे हे ठरलेले असते. त्या वाट्याला ‘जांबार’ म्हणतात, आणि जबड्याचा तुकडा चुकून भलत्या ताटात गेला तर भाषणे थांबून वाद सुरू होतो, कारण मांसाचा तुकडा हा तेथे नात्याचा दाखला असतो. बोलण्याचाही असाच वाटा असतो. कोणी कोणानंतर उभे राहून काय बोलायचे ते ठरलेले, आणि पंक्तीतील सर्वांत गरीब नातलगाचाही बोलण्याचा वाटा कोणाला डावलता येत नाही.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र आपण आणि ते आश्चर्यकारकरीत्या जवळ येतो. मुलाने मामाची मुलगी करावी ही त्यांची आवडती सोयरीक, आणि आत्याची मुलगी करणे निषिद्ध. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये हाच नियम नोंदवला आहे. कारण सरळ आहे: ज्या घरातून मुली येतात त्याच घरातून त्या येत राहाव्यात, वेल उलटा फिरू नये. बाताकांनी तर यापुढे जाऊन एक हळवी तरतूद केली आहे. मुलाने मामाची मुलगी न करता दुसरीकडे लग्न केले तरी देजातला एक वाटा त्याच्या मामाला पोचवला जातो. जी मुलगी तुझ्या घरची यायची होती ती आली नाही, तरी तू आमचा मामाच, असे सांगण्याची ही रीत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती. हुलाहुलांनी बोरूंना द्यावयाची भेट म्हणजे ‘उलोस’, कमरेला पट्टा अडकवून बसल्या जागी हातमागावर विणलेले लांब वस्त्र, गर्द निळ्या, तांबूस, काळ्या आणि पांढऱ्या सुतांचे. लग्नात वधूचा बाप ते नवदांपत्याच्या खांद्यांवरून एकत्र लपेटतो. पहिले मूल पोटात असताना मुलीला वेगळे उलोस देतात. मृत्यूनंतर पुन्हा वेगळे. वस्त्र अंगाला ऊब देते तसा मुलीकडच्यांचा आशीर्वाद जिवाला ऊब देतो, ही त्यामागची भावना. परंतु सूत कितीही घट्ट पिळले तरी कधी ना कधी विरणारच. म्हणून बाप शक्य असेल तर मुलीला लग्नात आपल्या खाचरांपैकी एखादे देतो, आणि त्या खाचरालाही उलोसच म्हणतात: ‘उलोस ना सो रा बुरुक’, कधी न विरणारे वस्त्र. जमिनीला हे नाव देणारी भाषा मला दुसरी माहीत नाही. आपल्या सातबाऱ्यावर जमीन क्षेत्र आणि आकार होऊन बसते. तेथे ती बापाने लेकीच्या खांद्यावर घातलेली शाल असते. त्या खाचराचे भात दरवर्षी लेकीच्या कोठारात जाते. तिच्या मुलांनी ते खाल्ले म्हणजे आजोळच्या घासावर ती वाढली. आणि बांधावरून जाताना कोणीही सांगू शकतो की हे शेत अमक्या गावच्या अमक्या आजीचे आहे. दोन गावांमधले सोयरपण असे जमिनीवर लिहिलेले असते, आणि त्याला वेगळे दप्तर लागत नाही.

पण या काव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे खाचर म्हणजे भेट, हक्क नव्हे. वारसाहक्काने जमीन मिळते ती मुलांना. मुलगा वेगळा निघतो तेव्हा त्याला वेगळे खाचर मिळते, थोरल्या व धाकट्याचे खास वाटे असतात, परंतु मुलगा नसलेल्या माणसाची जमीन त्याच्या भावांकडे जाते, आणि मुलींनी विधवा आईच्या पोटासाठी काका-चुलत्यांपुढे पदर पसरायचा. खाचरात वाकून आवण लावणाऱ्या, बेणणाऱ्या, कापणी करणाऱ्या बहुतेक बायकाच. तरी ही स्थिती. इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कारो बाताक समाजातील एका दाव्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान आहे असा निवाडा दिला, आणि तेव्हापासून शहरातल्या लेकी कोर्टाची पायरी चढू लागल्या. गावात मात्र भावाविरुद्ध दावा लावणारी बहीण पुढच्या कार्यात कोणत्या रांगेत बसेल, हा प्रश्न न्यायाधीश सोडवू शकत नाही. भावाचे घर हेच तिच्या मुलांचे आजोळ, म्हणजेच आशीर्वादाचे मूळ. ते तोडून मिळालेली जमीन तिला वस्त्रासारखी पांघरता येत नाही. कायद्याने दिलेला हक्क मला निःसंशय न्याय्य वाटतो, आणि तरीही तिची अडचण मला कळते.

खाचरांच्या वर, पठाराच्या कडेला, जंगल सुरू होते, आणि नैर्ऋत्येकडच्या हुंबांग भागातील गावांची दुसरी शेती त्या जंगलात असते. तेथे ‘हामिंजोन’ नावाचे झाड वाढते. त्याचा चीक म्हणजे आपला ऊद. संध्याकाळी दिवेलागणीला किंवा बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर टाकतो तोच. अरब व्यापाऱ्यांनी याला ‘लुबान जावी’ म्हटले, आणि शतकानुशतके तो पश्चिम किनाऱ्यावरील बारूस बंदरातून बाहेर जात राहिला. याच बंदरातून भीमसेनी कापूर जाई, ज्याला बरास कापूर असेही नाव आहे. बारूसजवळ १०८८ सालचा एक तमिळ शिलालेख सापडला असून त्यात दक्षिण भारतातील ‘पाचशे’ नावाच्या प्रसिद्ध व्यापारी श्रेणीचा उल्लेख आहे. तेव्हा बृहस्पतीची वाट अगदीच अंधारात आहे असेही म्हणता येत नाही.

ऊद काढणारा माणूस आठवडाभराची शिदोरी घेऊन रानात जातो आणि तेथल्या खोपटात राहतो. झाडाच्या बुंध्यावरचे शेवाळ व खरबरीत साल तो आधी खरवडून काढतो. मग दोरीने बांधलेल्या काठीच्या पायऱ्यांवरून वर चढत, छिन्नीसारख्या हत्याराने सालीला ठिकठिकाणी बोटभर चिरा पाडतो आणि त्याच हत्याराच्या दांड्याने ती जागा हलके ठोकून साल पुन्हा दाबून बसवतो. घाव खोल गेला तर झाड मरते, उथळ राहिला तर चीक येत नाही. मग तीन-चार महिने थांबायचे. सालीच्या आत पांढरा, दुधासारखा चीक झिरपून गोठतो, आणि परत आल्यावर तो पापुद्र्यासकट उचलायचा. हे झाड म्हणजे दुःखाने रानात निघून गेलेली एक मुलगी आणि चीक म्हणजे तिचे अश्रू, अशी कथा तेथे सांगतात. म्हणून मनात राग घेऊन रानात जाऊ नये, झाड रुसते, असेही सांगतात. तांदळाचे पीठ आणि गूळ यांचे मुटके करून ते झाडाला दाखवूनच पहिला घाव घालतात.

या जंगलाला धनी होते, पण कागद नव्हता. सरकारी नकाशावर ते राज्याचे वन ठरले, आणि राज्याने ते कागदाचा लगदा करणाऱ्या एका कंपनीला निलगिरी लावण्यासाठी दिले. पांदुमान आणि सिपितुहुता या दोन गावांच्या लोकांनी २००९ पासून, आपली हामिंजोनची झाडे पडताना पाहून, आंदोलन चालवले. त्यात बायका पुढे होत्या. १६ मे २०१३ रोजी देशाच्या घटना-न्यायालयाने निर्णय दिला की परंपरागत समाजांचे वन हे राज्याचे वन नव्हे. आणि २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी ज्या पहिल्या नऊ समाजांच्या वनांना मान्यता जाहीर केली, त्यांत या दोन गावांचे सुमारे ५,१७२ हेक्टर जंगल होते. प्रत्यक्ष हद्दी ठरण्यास पुढे आणखी वर्षे गेली. वंशावळ तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्या आजोबांच्या झाडांचा पुरावा मोजणीदाराच्या नकाशात द्यावा लागणे, यात केवढे अंतर कापावे लागते!

रोजच्या जीवनाविषयी थोडेच सांगतो. पेरणी-कापणीला घरोघरच्या बायका एकमेकींच्या शेतांत पाळीपाळीने राबतात, मजुरी न घेता; आपण ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतो तेच, त्यांच्या भाषेत ‘मार्सिआदापारी’. कार्याला सरोवरातला मासा हळद-आल्यात मुरवून, रस्सा आटेपर्यंत शिजवतात आणि त्यात ‘आंदालिमान’ नावाची मिरीएवढी हिरवी फळे घालतात, ज्यांनी जिभेला झिणझिण्या येतात. हे फळ आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाचे सख्खे भावंड आहे, एकाच वनस्पतिकुलातले. बांगड्याच्या आमटीत तिरफळ चावलेल्या माणसाला त्या पानावर परके वाटणार नाही.

आज या गावांत म्हातारी माणसे आणि मुले अधिक. १९५० नंतर हजारो कुटुंबे पूर्व किनाऱ्याच्या मळ्यांच्या प्रदेशात उतरली, पुढे मेदान आणि जाकार्ता येथे गेली, आणि शाळेची आवड जात्याच असल्यामुळे वकील, शिक्षक, लष्करी अधिकारी झाली. मागे राहिलेल्यांनी पठारावर कॉफी लावली. तिच्या एका लोकप्रिय वाणाचे नाव ‘सिगारार उतांग’, म्हणजे कर्जफेडी; लवकर फळते आणि सावकाराची तोंडे बंद करते म्हणून शेतकऱ्यांनीच ठेवलेले. परंतु शहरी गेलेला माणूसही गावाला ‘बोना पासोगित’, म्हणजे मुळाची जागा, असेच म्हणतो, आणि परक्या शहरात दोन अनोळखी बाताक भेटले तर पहिला प्रश्न कुशल विचारण्याचा नसून मार्गा कोणता हा असतो. चार-दोन पिढ्या मागे जाऊन कोण कोणाचा मामा आणि कोण कोणाचा मेहुणा हे निश्चित झाल्याशिवाय एकमेकांना हाक कशी मारायची तेच ठरत नाही.

पैसा हाती आला की हा माणूस गावी घर बांधत नाही. पूर्वजांचे स्मारक बांधतो. विखुरलेल्या थडग्यांतून पणजोबा-आजोबांच्या अस्थी उकरून काढतात, लिंबाच्या आणि हळदीच्या पाण्याने धुतात, उलोसात बांधतात, आणि बायका त्या डोक्यावर घेऊन नाचत खाचरांच्या मधोमध उभ्या केलेल्या दोन-तीन मजली सिमेंटच्या मनोऱ्यात नेऊन ठेवतात. तीन-चार दिवस वाद्ये, रेडे, भाषणे, जांबार. भाऊबंद, हुलाहुला, बोरू, तिन्ही दगड आपापल्या जागी. मग मोटारी भरून मंडळी मेदानच्या रस्त्याला लागतात, अंगणातली पाने गोळा होतात, आणि मनोऱ्याच्या पायथ्याचे खाचर पुन्हा त्या चुलतभावाकडे येते, जो गावातच राहिला. तो ते निम्म्या वाट्याने कसतो. या कराराला तेथे सुपारी दुभंगणे म्हणतात, कागद करीत नाहीत. कापणीला निम्मे भात पोत्यांत भरून वर कोठारात जाते, आणि शहरातला धनी आला नाही तर पुढच्या कापणीपर्यंत तेथेच राहते.